मधाइतकं घट्ट

नेहल मॅडमनी फाइलच्या मागे लिहून दिलं होतं:
पाणी, चहा, वरण, सगळं मधाइतकं घट्ट.
चमचा तिरका केला की धार नको,
आळसावलेला एक गोळा सुटला पाहिजे.
पातळ गेलं तर वाट चुकेल,
पोटाऐवजी फुप्फुसात उतरेल.

शिवडीच्या तिसऱ्या मजल्यावर
दोन महिने मी हेच करते आहे.
कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवायचं,
उकळत्यात सोडायचं,
गुठळी झालीच तर गाळणीवर चेपायची.
स्वयंपाक नाही म्हणत मी याला,
लांबी म्हणते, खिडकीच्या काचेला लावतात ती.
भाई ऐकतात आणि एका बाजूने हसतात.

मग संगमेश्वरहून उमाकांत आला
सातेरीचा मध घेऊन.
ना तापवलेला, ना नीट गाळलेला;
वर मेणाचा चुरा, माशीचा एक पंख.
भाईंनी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
आजारी पडल्यापासून
त्यांनी काहीच मागितलं नव्हतं.

खीर कोमट होती. दोन चमचे घातले.
तेवढ्यात गॅसवाला आला, सुट्टे नव्हते,
शेजारच्या तडवींकडे गेले, बोलत थांबले.
परतले तर वाटीत खीर कुठली, नुसतं दूध.
माझं लक्षच नाही.
पहिल्याच चमच्याला ठसका.

तो आवाज ज्यानं ऐकलाय
त्याला सांगायला नको.

भेसळच असणार, म्हणून मी उमाकांतला फोन लावला.
भाईंनी डाव्या हाताने तो खाली ठेवायला लावला.
आख्खं वाक्य हल्ली त्यांच्या तोंडात टिकत नाही,
वाटेतच सुटं होतं.
"खळ," म्हणाले.
बराच वेळ काही नाही.
मग, "उतरली."

गिरणीत ते धुलाई खात्यात होते.
मागावर सूत तुटू नये म्हणून
आधी त्याला खळ पाजायची,
कापड झालं की तीच उतरवायची.
हौदात कोमट पाणी, त्यात डायस्टेज,
रात्रभर कापड मुरत ठेवायचं.
न दिसणारी कात्री असते ती, सांगायचे,
पिठाच्या लांब साखळ्या तोडत जाते.
पाणी जास्त तापलं तर कात्री मरते
आणि फोरमन आपल्याला मारतो.
मला तेव्हा जांभया यायच्या.

तीच कात्री मधात. माशीच्या पोटातून आलेली.
आणि भाईंच्या लाळेतही थोडी वेगळी, पण कात्रीच.
उष्टा चमचा वाटीत बुडवू नका,
मॅडम बजावून म्हणाल्या होत्या;
मला वाटलं, स्वच्छतेसाठी.

तापवलेला मध म्हणजे विष, असं आई म्हणायची.
रात्री तिच्या फोटोकडे पाठ करून
मी मध पाण्यात घातला, खळखळून उकळला.
फेस आला, काढला.
घरभर वास पसरला,
जो खरं तर वाटीत राहायला हवा होता.

गार झाल्यावर खिरीत मिसळला
आणि अर्धा तास समोर बसले, घड्याळ धरून,
मालावर पाळत ठेवणाऱ्या वॉचमनसारखी.
मग चमचा तिरका केला.
गोळा सुटला.

भाईंची घाटी वर गेली,
खाली आली. मी मोजत होते.
खोकला नाही.
जीभ टाळूला लावून ते विचार करत राहिले,
खात्यात नमुना तपासत असतील तसे.

"मारलास," म्हणाले.

आणि पुढच्या चमच्यासाठी
तोंड उघडलं.